मशीनवाले भाऊ

बाबा जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांचे किस्से अजून येतच आहेत! वडशाला एखाद्या लग्नात गेले, की पंगतीत समोरची बाई मला निरखून बघते आणि विचारते, "तुम्ही मशीनवाल्या भाऊची पोरगी ना वं?" हो म्हटलं की झालं. हातातला घास हातात राहतो आणि एक नवा किस्सा ऐकावा लागतो. मागे गडचिरोलीला डोळे तपासायच्या रांगेत एक आजी भेटल्या. त्यांचा नंबर आला, पुकारा झाला, तरी उठेनात. "थांबा जी, गोष्ट अर्धी राह्यली!" असं त्यांनी डॉक्टरलाच सांगितलं!

तर बाबा म्हणजे दौलत रामटेके. आम्ही बल्लारपूरचे. आमच्या गल्लीतले सगळे पुरुष एक तर पेपर मिलमध्ये नाही तर कोळशाच्या खाणीत. बाबा एकटे सेल्समन. नागपूरच्या एका एजन्सीसाठी शिलाई मशीन विकायचे. मूल, सिंदेवाही, वडसा, गडचिरोली, धानोरा, थेट अहेरीपर्यंत त्यांची फिरती. ऐंशीच्या दशकात या भागातल्या किती घरांत त्यांनी मशीन पोचवली असेल ते मला माहीत नाही. त्यांनाही नव्हतं.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे अडायला नको. आई गेली तेव्हा मी सहावीत होते आणि धाकटी सिंधू दुसरीत. बाबांनी दुसरं लग्न केलं नाही.

*

धानोऱ्याच्या आठवडी बाजारात बाबा चिंचेखाली पायमशीन मांडायचे. भाषण वगैरे काही नाही. नुसते ओरडायचे, "फाटलं असन ते आणा! फुकट शिवून देतो!" लोक सदरे, लुगडी, पोती, काय काय आणायचे. बाबा शिवत राहायचे आणि बाया मशीनकडे बघत राहायच्या. एवढीच जाहिरात.

एकदा जंगलखात्याचे एक गार्डसाहेब सायकलवरून आले. लांबूनच ओरडू लागले, "कोणाच्या परवानगीनं बसला बे इथी? उचल हे सामान!" तावातावाने सायकलवरून उतरायला गेले आणि सीटच्या तारेत पँट अडकली. चर्रर्र!

बाबा हसले नाहीत. खांद्यावरचा दुपट्टा काढून त्यांनी पुढे केला. "साहेब, हा गुंडाळा अन् झाडामागं बसा. परवानगीचं मंग पाहू."

गार्डसाहेब दुपट्टा गुंडाळून चिंचेच्या मागे बसले. बाबांनी सावकाश टाके घातले आणि मध्येच विचारलं, "हं, काय म्हणून राह्यले होते साहेब?" दुपट्ट्यातला माणूस काय बोलणार!

पुढच्या बाजाराला गार्डसाहेबांची बायको आली. बाबांनी तिला नवी कोरी मशीन दाखवली. ती म्हणाली, "नवी नको जी भाऊ. ज्या मशीननं हे एवढे चूप बसले, तेच द्या!"

*

हा किस्सा सांगणारी बाई त्या बसमध्ये होती. उन्हाळ्याचे दिवस, बस अहेरीकडे निघालेली, आत नवरीकडची माणसं आणि बाबा. जंगलात मधोमध गाडीचा पट्टा तुटला. ड्रायव्हर म्हणाला, दुसरा पट्टा येईपर्यंत बसा. सगळे उतरून मोहाच्या सावलीत बसले.

तिथे नवरीच्या लक्षात आलं, की लग्नाचं पोलकं दंडात घट्ट होतंय. ती रडायला लागली. आई तिच्यावर ओरडायला लागली, मावशी आईवर.

बाबा बसच्या टपावर चढले, मशीन खाली उतरवली आणि रस्त्याच्या कडेला मांडली. "आणा इकडं." नवरीच्या पोलक्याची शिवण त्यांनी उसवली, आत दाबलेलं कापड सोडलं, पुन्हा शिवून दिलं. ते बघून मावशीने आपलं काढलं. मग काकूने. मग वऱ्हाडात नसलेल्या बायासुद्धा पिशव्या उघडायला लागल्या!

दुपार कलली. पट्टा आला, बसला, इंजिन सुरू झालं. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला तर कोणी जागचं हलेना. शेवटी तो खाली उतरून ओरडला, "चला ना वं बाई! लग्नाले उशीर होऊन राह्यला!"

त्यावर नवरीच ओरडली, "थांबा ना जी डायवरभाऊ! माह्या मावशीची एक बाही राह्यली!"

बस बाहीसाठी थांबली.

*

नागपूरला एजन्सीची मीटिंग होती. मोठे साहेब मुंबईहून आले होते. सगळ्यांत जास्त विक्री बाबांची, म्हणून त्यांना पुढे बोलावलं. साहेब म्हणाले, "रामटेके, आपका सीक्रेट क्या है? सबको बताओ."

बाबा म्हणाले, "साहेब, मैं बस चुकाता हूं."

सगळे हसले. बाबांनी समजावून सांगितलं. बस चुकली की गावात मुक्काम. मुक्काम झाला की कोणाच्या तरी घरी जेवण. जेवताना घरातली बाई समोर असते, तिचं फाटकं लुगडं असतं, पोरांचे सदरे असतात. मशीनची गोष्ट आपोआप निघते. सकाळी ऑर्डर घेऊन पहिल्या बसने पुढे.

साहेब खूश. बाकीच्यांकडे वळून म्हणाले, "सीखो कुछ!"

पुढच्या महिन्यात निम्म्या सेल्समननी बस चुकवली आणि लॉजची बिलं लावली!

आई गेली आणि बाबांनी बस चुकवणं बंद केलं. दिवसा शेजारच्या राधाबाई आमच्याकडे बघायच्या, पण अंधार पडायच्या आत बाबा दारात. बस नसली तर लाकडाच्या ट्रकवर, ट्रक नसला तर कोणाच्या लुनावर मागे बसून. फार लांबचं गाव असलं तर तिकडची फिरती त्यांनी शाळेच्या सुट्टीवर टाकली, म्हणजे आम्हाला सोबत नेता यायचं. एजन्सीला वाटलं, आता विक्री बसणार. बसली नाही. साहेबांनी कारण विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, "आता मले घाई असते साहेब. घाईतल्या माणसाले लोक लवकर हो म्हणून देतात."

*

वेणीचा किस्सा आमचा घरचा आहे. बाबांना सगळं यायचं, वेणी यायची नाही. राधाबाई घालून द्यायच्या, पण त्यांना सकाळी मिलचा डबा असायचा. मूल गावच्या एका बाईंनी मशीन घेतली तेव्हा बाबांनी त्यांना शिवायला शिकवलं आणि त्यांच्या मुलीच्या केसांवर स्वतः वेणी घालायला शिकले. शिकले म्हणजे काय, टाका घालावा तशी वेणी घालायचे. एकही केस सुटता कामा नये! आमच्या भुवया वर चढायच्या आणि संध्याकाळपर्यंत खाली यायच्या नाहीत.

शाळेत इन्स्पेक्शन होतं. साहेब वर्गात आले, सिंधूसमोर थांबले आणि मायेने म्हणाले, "घाबरू नकोस बाळ. डोळे एवढे मोठे का केलेस?"

सिंधू उभी राहून म्हणाली, "नाई सर, घाबरली नाई. बाबांनी वेणी घातली."

*

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण, सिंदेवाहीची. आई जाऊन वर्ष झालं आणि आत्या स्थळ घेऊन आल्या. जयभीम झाला, पाणी झालं, चहा झाला, आणि आत्यांनी सुरुवात केली.

"दौलत, पोरीयले आई पायजे."

"खरं हाये ताई."

"शेवंता म्हणून हाये आमच्या गल्लीत. नवरा वारला बिचारीचा. पदरी एक पोरगा हाये. भावाच्या घरी राह्यते, भावजय बोलते तिले. स्वभावानं चांगली. शिवणकाम बी येते तिले."

सिंधू आणि मी दाराआड उभ्या. सिंधूने माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं दुखत होती.

बाबांनी कपबशी खाली ठेवली. मग विचारलं, "मशीन हाये का तिच्याजवळ?"

"मशीन कुठून असन?"

"मंग ताई," बाबा म्हणाले, "तिले आधी मशीन पायजे. नवरा कायले?"

आत्या चिडल्या. दोघांची बरीच वादावादी झाली. बाबांनी एकदाही आवाज चढवला नाही, पण हटलेही नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः आत्यांना स्टँडवर नेऊन सोडलं. आत्या स्थळ घेऊन आल्या होत्या, मशीन घेऊन गेल्या!

शेवंताबाईंनी सिंदेवाहीत दुकान टाकलं. पुढे आम्हा दोघींचे शाळेचे ड्रेस त्यांच्याकडूनच शिवून यायचे. मापाला कधी जावं लागलं नाही. त्यांचा अंदाजच तसा होता.

*

थंडीत वडशाला नाटकांचा सीझन असतो. बाबा तिथे एका तांदूळवाल्याकडे मशीन द्यायला गेले होते, तर एका नाटक कंपनीचा मॅनेजर धावत आला. "भाऊ, चला लवकर! राजा अंगरख्यात मावून नाई राह्यला!"

राजाचं काम करणारा गडी पावसाळाभर घरी बसून चांगलाच सुटला होता. अंगरख्याची बटणं छातीवर वीतभर लांब राहत होती. दुसरा अंगरखा नाही, आणि प्रयोग त्याच दिवशी. बाबांनी अंगरखा पाठीतून उभा चिरला आणि जुन्या लाल पडद्याचा पट्टा मध्ये घातला. रंग काही जुळला नाही. समोरून राजा झकास, मागून लेटरबॉक्स!

बाबांनी राजाला बजावलं, "दोन गोष्टी ध्यानात ठेवा. लोकायकडं पाठ करू नका, अन् सिंहासनावर बसू नका. बसले का टाका सुटन."

राजाने ऐकलं. पूर्ण नाटक त्याने उभ्याने केलं. जायची वेळ आली की उलट्या पावलांनी, लोकांकडे तोंड करून आत जायचा. शेवटच्या लढाईत तर चारी बाजूंनी तलवारी आल्या तरी गडी वळला नाही!

लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. पुढच्या गावापर्यंत चर्चा पोचली, "राजा असा पायजे! दुश्मनाले एकदा पाठ दाखवली नाई गड्यानं!"

*

हा शेवटचा मी स्वतः पाहिलेला आहे.

मी मॅट्रिकला होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत बाबांबरोबर आरमोरीच्या पुढच्या एका गावी गेले. तिथल्या किसनभाऊंचा निरोप होता, मशीन परत घेऊन जा. त्यांच्या आईने ती बाबांकडूनच घेतली होती. गावातल्या सगळ्या बायांची पोलकी ती शिवायची, हातातलं शिवण आटोपल्याशिवाय जेवायला बसायची नाही. हिवाळ्यात ती वारली.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. किसनभाऊंनी दारात बैलबंडी जुंपून ठेवली होती, हातात मशीन बांधायचा दोर होता. "घेऊन जा जी भाऊ. घरात कोणी शिवत नाई, पडून पडून गंजून जाईन."

सूनबाईने पाणी दिलं आणि हळूच म्हणाली, "मामाजी धड जेवत नाई भाऊ. ताटावर बसवलं तर उठून जाते. दिवसभर त्या मशीनजवळ बसून राह्यते."

तिचे मामाजी म्हणजे सासरे, ते आजोबा, खरोखरच मशीनला टेकून चटईवर बसले होते. बाबांनी त्यांना जयभीम घातला. त्यांनी नुसती मान हलवली. बाबांनी मशीनवरची धूळ पुसली, तेल घातलं, पट्टा चढवला, चाक हाताने फिरवून पाहिलं.

"चालते का?" आजोबांनी विचारलं.

"चालन ना जी. कापड आणा एखादं, दाखवतो."

बाबा मशीन कधी रिकामी चालवायचे नाहीत. कापड नसलं की खालचे दात झिजतात. बाजारात कोणी पोरगं पायडल हाणायला लागलं तर एरवी न ओरडणारे बाबा ओरडायचे. सूनबाईने एक कापड आणलं.

"कापड राहू दे," आजोबा म्हणाले. "चालवा."

बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग स्टूल ओढलं, बसले आणि पायडलवर पाय ठेवला.

रिकामी मशीन चालू झाली. आधी सावकाश, मग एका लयीत. मध्येच बाबा वेग कमी करायचे, बाहीचा गोल आला की बाया करतात तसा, आणि पुन्हा वाढवायचे. एकदा थांबून त्यांनी नसलेलं कापड फिरवल्यासारखे हात केले आणि दुसरी बाजू धरली. किसनभाऊ दोर घेऊन दारात उभे होते, ते चौकटीला टेकले. सूनबाई कापड हातात धरून तिथेच उभी राहिली. बाबांनी कोणाकडे पाहिलं नाही. त्यांचं लक्ष सुईवर. बराच वेळ ते शिवत होते.

मग त्यांनी पाय थांबवला, कापड दाबणारा दट्ट्या वर उचलला आणि धागा तोडल्यासारखा हात केला.

आजोबा उठले. रांजणाजवळ गेले, हातपाय धुतले आणि चुलीसमोर येऊन मांडी घालून बसले.

"वाढ वं सूनबाई," ते म्हणाले. "तिचं आटोपलं."