मॅडम नदीत पडली त्या दिवशी

पुण्यातल्या मैत्रिणी रविवारी व्हिडिओ कॉलवर जमल्या, की पहिला प्रश्न मला येतो, "बोल, या आठवड्यात काय केलंस?" काय केलं नाही, काय झालं, असं विचारायला हवं खरं तर. मी काही करायला जाते आणि माझंच काहीतरी होतं! तीन वर्षांत एवढे किस्से साठलेत, की शाळेच्या कपाटात मावणार नाहीत. तसंही कपाटाचं एक दार केव्हाच निखळलंय.

आमची शाळा म्हणजे शहादा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला, दोन खोल्या, तेवीस मुलं आणि दोन शिक्षक. एक बोरसे सर, मुख्याध्यापक, आणि एक मी. गावात घरोघरी भिलोरी बोलतात, आमच्याशी मात्र अहिराणी. प्रमाण मराठी फक्त पुस्तकात आणि माझ्या तोंडात.

*

रुजू व्हायला आले ती चाकांची सूटकेस घेऊन! एसटी फाट्यावर थांबली. पुढे दीड किलोमीटर पायवाट. पहिल्याच चढाला एक चाक निखळून ओढ्यात गेलं, दुसऱ्यानं थोड्या वेळानं राजीनामा दिला.

समोरून लाकडाच्या मोळ्या घेऊन दोन बायका येत होत्या. त्यातल्या एकीनं मोळी खाली ठेवली, माझी सूटकेस डोक्यावर घेतली आणि चालू लागली. शाळेच्या ओट्यावर सूटकेस उतरवून तिनं मला नीट न्याहाळलं.

"नवी मॅडम का?"

"हो!" मी एकदम उत्साहात.

"मंग कवय जाशात?"

कधी जाणार म्हणे! मी अजून बसलेसुद्धा नव्हते हो!

नंतर कळलं, तिचं काही चुकलं नव्हतं. इथं येणारा प्रत्येक शिक्षक दोन-तीन वर्षांत बदली करून घेतो. आधीच्या मॅडम गेल्या, तेव्हा पहिलीतली रमिला शाळा सोडून बकऱ्यांमागे गेली ती गेलीच. ही सूटकेस उचलणारी बाई रमिलाची आई होती.

*

पुण्याच्या शाळेत माझे तक्ते फार गाजायचे. लॅमिनेशन केलेले, रंगीत, बॉर्डरवाले. तेच तक्ते काखेत घेऊन पहिल्या पावसाळ्यात मी नदी ओलांडत होते. नदी म्हणजे गुडघाभर पाणी. मुलं पलीकडून ओरडून सांगत होती, हिरव्या दगडावर पाय देऊ नका. मी हसून हात हलवला आणि हिरव्याच दगडावर पाय दिला!

साडी, छत्री, पर्स, मी, सगळं पाण्यात. दहा-बारा मुलांनी धडाधड उड्या टाकल्या. मला भरून आलं. मुलं पाणी उडवत माझ्यापर्यंत आली, मला ओलांडून पुढे गेली आणि वाहून चाललेले तक्ते पकडून आणले. सतराच्या सतरा! मग एकानं मागे वळून विचारलं, "मॅडम, तुम्हाले येता येईल ना?"

लॅमिनेशन चांगलं होतं. तक्त्यांना काही झालं नाही. मला आठ दिवस सर्दी होती.

*

पुण्यात वर्गात वाढदिवसाचा फलक असायचा. फुगे, नावं, तारखा. मी ठरवलं, इथंही करायचा. कागदाचे तेवीस फुगे कापले आणि जनरल रजिस्टर उघडलं.

पहिला मुलगा, एक जून. दुसरी मुलगी, एक जून. तिसरा, एक जून. म्हटलं, काय योगायोग! पंधराव्या एक जूनला मला संशय आला.

घरी जन्मलेल्या मुलांची तारीख कुणाला माहीत नसते. मग शाळेत नाव घालताना गुरुजी आपले एक जून लिहून मोकळे होतात. म्हणजे माझ्या फलकावर एकाच दिवशी सगळे फुगे, आणि त्या दिवशी शाळेला उन्हाळ्याची सुट्टी!

मी तावातावानं बोरसे सरांकडे गेले. "सर, हा काय प्रकार आहे? असं कसं कुणी काहीही लिहू शकतं?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मॅडम, मन्हाबी एक जूनच शे."

*

मी हट्टाला पेटले. खऱ्या तारखा शोधायच्या! वही घेऊन घरोघर फिरले. आणि गंमत म्हणजे लोकांना सगळं आठवत होतं, फक्त तारखा सोडून. कुणाचा मुलगा बोअरला पाणी लागलं त्या दिवशीचा. कुणाची मुलगी लंगडा बैल विकला त्याच्या आदल्या दिवशीची. मी म्हटलं, बैल कधी विकला? तर म्हणे, बोअरला पाणी लागलं त्याच्या दोन वर्षं आधी. वहीची पानं भरली, फलक रिकामाच राहिला.

शेवटच्या घरी एक बाई शेळीला चारा घालत होती. सहज म्हणून विचारलं, "छान आहे शेळी. कधी घेतली?"

बाईनं क्षणभरही विचार केला नाही. "मॅडम नदीम्हा पडनी ना, त्याना दुसरा दिन!"

मॅडम समोरच उभी होती. मी वही मिटली आणि घरी आले.

*

रमिलाला परत शाळेत आणायचं मी मनावर घेतलं होतं. दिवाळीनंतरचे दिवस. ती आईबरोबर कापसाच्या शेतात. आई म्हणाली, "पोर शाळाम्हा गयी तर कापूस कोन येचई?"

"मी!" मी पदर खोचला. "तिच्या वाटचा कापूस मी वेचते. रविवारी येते, शनिवारी शाळा सुटल्यावर येते. तुम्ही हिला पाठवा."

समाजसेवेचा झटका म्हणतात तो हाच असावा. दुपारपर्यंत माझी बोटं बोंडांनी ओरखडून निघाली, कंबर हाताबाहेर गेली. पण झोळी भरली होती! मी विजयी मुद्रेनं ती रमिलाच्या आईसमोर ओतली. त्यात कापूस थोडा होता. वाळका पाला, काटक्या, फुटक्या बोंडाची टरफलं आणि एक जिवंत किडा, हे बाकीचं. असा कचरा मिसळला की व्यापारी चांगला कापूससुद्धा उचलत नाही.

रमिलाच्या आईनं तो ढीग बोटांनी चाळून पाहिला. मग हात जोडले. "मॅडम, पोरले लई जा. पन तुम्हीनबी जा!"

रमिला सोमवारपासून शाळेत. माझ्या आयुष्यातलं सर्वांत मोठं शैक्षणिक यश हे असं आहे.

*

गावात रेंज नाही. रेंज आहे ती मागच्या टेकडीवर, मोहाच्या झाडाखाली. त्यामुळे खिचडीचा फोटो असो की मुलांची माहिती, अपलोड करायला मॅडम टेकडीवर! गावातली माणसंही सुरतला, नवापूरला फोन लावायला तिथंच येतात. कोण कुणाशी काय बोललं, हे संध्याकाळी सगळ्या गावाला माहीत असतं.

मैत्रिणींचा रविवारचा व्हिडिओ कॉल आणि माझ्या आईचा फोनही मी तिथूनच घेते. आईचा दुसरा विषय नसतो. "बदलीचा फॉर्म आला का?" "भरणार ना?" "कागद तयार ठेवलेस ना?" यंदा पहिल्यांदाच मला हा ऑनलाइन फॉर्म भरता येणार होता, आणि पुण्याला जागाही होती. शेवटच्या तारखेला मी कॅलेंडरवर तीन महिने आधीच लाल गोल केला होता. गावात कुणाला सांगितलं नव्हतं. फक्त रोज टेकडीवर उभी राहून आईशी मोठ्यानं बोलत होते, एवढंच!

ती तारीख उजाडली. मी कागदांची फाइल घेऊन निघाले, तर दारात रमिला. आता तिसरीत आहे, सतराचा पाढा न अडखळता म्हणते.

"मॅडम, तुम्हीन जाई ऱ्हायनात का?"

मी म्हटलं, "अगं, नुसता फॉर्म आहे."

तिनं मान डोलावली. मग अगदी कामाचं विचारावं तसं विचारलं, "मंग बकऱ्यासले सांगी ठेवू का?"

मी टेकडी चढले. मोहाखाली तासभर बसले. उतरून आले.

दुसऱ्या दिवशी आईला सांगितलं, रेंज नव्हती. बोरसे सरांनाही तेच सांगितलं. आई चार दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि मोबाइल कंपनीला तिनं जे काही म्हटलं ते इथं लिहिता येणार नाही.

*

आठवड्याभरानं उपकेंद्राच्या नर्सबाई गावात आल्या. त्या सूटकेस उचलणाऱ्या बाईच्या, म्हणजे रमिलाच्या आईच्या शेजारी एक घर आहे, तिथं सून बाळंत झाली होती. घरीच, मुलगी. नर्सबाईंना जन्माची नोंद करायची होती, म्हणून साक्षीला बोरसे सर आणि मी. मी जाताना ठरवूनच गेले होते, या मुलीची तरी तारीख खरी लागली पाहिजे! हिला एक जूनला मिळू द्यायची नाही.

नर्सबाईंनी फॉर्म काढला. "जन्म कधीचा?"

सून लाजत म्हणाली, "मॅडम टेकडीवर फॉर्म भराले गयी, नि तसाच कोरा लई परत उनी, तो दिन."

नर्सबाईंनी माझ्याकडे पाहिलं. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी छपराकडे पाहिलं.

सर म्हणाले, "पण मॅडम, त्या दिन तर रेंज नव्हती ना?"

कोपऱ्यात बाळाची आजी झोळीला झोका देत होती. "रेंज नव्हती कशी? फुल व्हती! मी तठेच व्हती ना, झाडना मांगे. पोरगी व्हयनी म्हणून पोऱ्याले सुरतले फोन लावा मी. पहिलाच टायमले लागी गया!"

सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. 

नर्सबाई वैतागल्या. पेन हातातच होतं. "अहो, ते सगळं ठीक आहे. पण मला तारीख पाहिजे, तारीख! ती कोण सांगणार?"

आजीनं झोका थांबवलासुद्धा नाही.

"मॅडमले इचारा. त्यास्ले पाठ शे."