उत्तमरावांची सातवाहनी समई

उमरखेडच्या उत्तमराव ठमक्यांचं सारं आयुष्य घड्याळं दुरुस्त करण्यात गेलं. मोबाइल आल्यावर गिऱ्हाईक आटलं, तेव्हा त्यांनी मिनिटं सोडून शतकं हातात घेतली. घरी आलेल्या पाहुण्याला ते चहाआधी इतिहास पाजत. "हे समई सातवाहनांची, हे घंटा वाकाटकांची," असं कपाटातल्या वस्तूंकडे बोट दाखवून सांगताना आवाज असा भरून यायचा, जणू दोन्ही घराण्यांशी त्यांची सोयरीक होती. ही राजघराणी त्यांना बाजारातल्या भंगारवाल्याकडे भेटली, एवढंच सांगायचं राहून जाई.

एक दिवस पुरातत्त्व खात्याचे साहेब दारात उभे राहिले. इतक्या जुन्या वस्तू नोंदणीशिवाय घरात ठेवणं गुन्हा आहे, असं त्यांनी सांगितलं. उत्तमरावांना दरदरून घाम फुटला.

"जुनं कायचं, साहेब! सारं मागच्या दिवाळीत घेतलं."

साहेबांनी लांबूनच कपाटावर नजर टाकली. "हो, नवंच दिसतंय," म्हणाले आणि चपला घालू लागले.

जीव वाचला होता, पण ते 'नवंच' उत्तमरावांच्या काळजाला लागलं. ते पायरीपर्यंत धावले. "अहो, हातात घेऊन तं पाहा! हे समई नवी वाटते तुम्हाले? दोन हजार वर्सांची हाय!"

त्यांच्या बायकोनं, पंचफुलाबाईंनी, कपाळावर हात मारला. साहेब मागे फिरले आणि सगळं सामान तपासणीसाठी यवतमाळला घेऊन गेले.

आता उत्तमराव पाहुण्यांना रिकामं कपाट दाखवतात.

"सरकारनं नेलं," ते छाती फुगवून सांगतात. "नवं असतं तं नेलं असतं काय?"