पुण्याचा चंद्र, झाशीचा चंद्र आणि चपटी पृथ्वी

परवा संकष्टीला आमच्या झाशीच्या घरी पृथ्वी गोल झाली! हसू नका… गेले दोन महिने ती चपटी होती.

चपटी केली होती आमच्या विनूभाऊजींनी, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांनी. माणूस लाखात एक हो, पण घरबसल्या कॉम्प्युटरचं काम करतात आणि उरलेला वेळ मोबाइलवर व्हिडिओ बघतात. त्या व्हिडिओंनी त्यांना पटवलं की पृथ्वी ताटासारखी सपाट आहे आणि शाळेत आपल्याला सगळं खोटं शिकवलंय.

त्यांचं मत त्यांच्यापाशी राहिलं असतं तर माझी काही हरकत नव्हती. पण आमची सई नववीत, आणि काकांची शेपूट! परीक्षा तोंडावर आलेली आणि हिने भूगोलाचं पुस्तकच बंद केलं. "सब झूठ है आई, कशाला वाचू?" असं मलाच सुनावलं. मी आतून हादरले… आज भूगोल, उद्या आणखी काय काय खोटं ठरवेल ही पोर?

मग काय, रोज जेवताना वाद. मी विचारायचं, दिवस-रात्र कशी होते? तर म्हणे सूर्य-चंद्र ताटावर बॅटरीसारखे फिरतात, उजेड पडेल तिथे दिवस. मग मावळतात कसे? "मावळत नाहीत वहिनी, लांब जातात, म्हणून दिसेनासे होतात." ऋतू? सूर्याच्या फेऱ्या लहानमोठ्या होतात. ग्रहण? मध्ये काहीतरी आडवं येतं. आता ते 'काहीतरी' म्हणजे काय, हे विचारायची सोय नाही!

मी बँकेत नोकरी करणारी बाई, विज्ञान बारावीलाच सुटलं. पृथ्वी गोल आहे हे मला पक्कं ठाऊक, पण का ते सांगायला गेले की माझं त-त-प-प. सई एकदा माझ्याकडे बघायची, एकदा काकांकडे, आणि काकांबरोबर हसायची. असा संताप व्हायचा ना…

तर परवा संकष्टी. आमच्याकडे सगळ्यांचा उपास, भाऊजींचासुद्धा. पृथ्वी सपाट असली तरी गणपती आहेच ना! बँकेतून येताना मी मानिक चौकातून नारळ आणि दुर्वा आणल्या, मोदक वाफवले, आणि सगळे चंद्राची वाट बघत बसलो.

आता आमच्या घरची एक पद्धत. झाशीत मराठी कॅलेंडर कुठून मिळणार, म्हणून माझी बहीण दरवर्षी पुण्याहून पाठवते. त्यात चंद्रोदयाची वेळ असते पुण्याची, आणि आम्ही वर्षानुवर्षं त्याच वेळेला उपास सोडतो. घड्याळ अख्ख्या देशात एकच, मग चंद्र वेगळा कसा असेल, असा आमचा सगळ्यांचा समज. ती वेळ झाल्याशिवाय गच्चीवर जायचं नाही, असा सासूबाईंचा कडक नियम.

सईला भूक काही आवरेना. नियम मोडून ती वर पळाली आणि तिथूनच ओरडली, "आई, चाँद तो कब का निकल आया!"

आम्ही सगळे धावत वर गेलो. शेजाऱ्यांच्या टाकीच्या वर चंद्र चांगला हातभर चढलेला… आणि कॅलेंडरप्रमाणे अजून बराच वेळ बाकी! मी पुण्याला व्हिडिओ कॉल लावला. बहीण खूप वरच्या मजल्यावर राहते, पूर्वेला समोर सगळं मोकळं. म्हणाली, "अगं, इथे कुठाय चंद्र? नुसता काळोख!"

भाऊजी खूश! "बघा वहिनी, आपल्या जवळ आहे म्हणून आपल्याला दिसतो. त्यांच्यापासून लांब आहे, म्हणून दिसत नाही." झालं, हाही डाव गेला असं वाटलं मला.

पण सई फोन हातात घेऊन तशीच उभी राहिली, त्या थंडीत, शाल नाही की काही नाही. बऱ्याच वेळाने बहीण ओरडली, "आला गं!" तिने झूम केलं. तांबूस चंद्राची वरची कड दिसत होती. मग पाव, मग अर्धा…

सईने फोनमध्ये बघितलं, मग आपल्या चंद्राकडे बघितलं, आणि काकांना म्हणाली, "काका, लांबून येतोय तर आधी छोटासा दिसायला हवा ना? हा तर मोठाच आहे… आणि खालून कापलेला आहे!"

काका म्हणाले, लांबच्या वस्तूचं तसंच होतं.

"नाही होत! आपल्या रस्त्यावरून ट्रक लांब जातो तेव्हा अख्खा छोटा होतो. त्याचे पहिये आधी जमिनीत जात नाहीत. चंद्र जमिनीच्या मागून वर येतोय काका. आपल्याकडे आधी, मावशीकडे नंतर. सपाट ताटावर हे होईलच कसं?"

दोन महिने ज्यांच्या खिशात प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तयार होतं, ते भाऊजी सईकडून फोन घेऊन चंद्र निरखायला लागले! शेवटी हळूच म्हणाले, "हं… हे बघायला लागेल." मला तर गच्चीवरच शिट्टी मारावीशी वाटली. अहो, काय सांगू, शाब्बास गं माझी वाघीण!

एवढ्यावर थांबेल तर ती सई कसली. "मग आई, आपण इतकी वर्षं पुण्याच्या चंद्रासाठी उपाशी बसायचो?" सासूबाई गालाला हात लावून उभ्या होत्या. मग त्यांना असं हसू फुटलं की अर्घ्याची पळी हलायला लागली. म्हणाल्या, "गोल-सपाट मागाहून ठरवा, आधी अर्घ्य द्या!"

जेवताना भाऊजींनी ग्रहणाचा विषय काढलाच. सई म्हणाली, "पुढचं ग्रहण आपण दोघं मिळून बघू काका. व्हिडिओ नाही, खरं." आणि काल सकाळी बाईसाहेब स्वतःहून भूगोल घेऊन बसल्या होत्या.

मी म्हणत होते पुस्तकात लिहिलंय, काका म्हणत होते व्हिडिओत सांगितलंय. पोरीने आम्हा दोघांनाही बाजूला सारलं आणि मान वर करून स्वतः बघितलं. आता हिला कोणी सहजासहजी फसवू शकणार नाही… मीसुद्धा नाही! त्या रात्री सगळ्यात जास्त मोदक मी खाल्ले.