ताई पहिली आली

शर्यतीची शेवटची कमान ओलांडून ताई आमच्यासमोर उभी राहिली, तेव्हा तिच्या गालांवर मिठाच्या पांढऱ्या रेषा वाळल्या होत्या. पहाटे ती समुद्रात पोहली, मग तासन्‌तास सायकल चालवली आणि भर उन्हात बेचाळीस किलोमीटर धावली. त्यातलं समुद्राचं मीठ किती आणि घामाचं किती, कोण सांगणार!

पंधरा वर्षं ताईचा हाच व्यवसाय. लग्नकार्यात कुणीतरी विचारायचंच, "ते ठीक आहे गं, पण नोकरी कुठे करतेस?"

"हीच माझी नोकरी," ती हसून सांगायची.

या नोकरीत ती तिसरी आली, पाचवी आली, एकदा तर पाय मोडून घेऊन घरी आली. पहिली मात्र आज आली, चाळिशीत. इतकी वर्षं एखाद्या गोष्टीमागे धावलं, की ती हाती लागण्याआधीच अंगात मुरत असावी. ताईला नवल वाटलेलं दिसतच नव्हतं.

आई पहिल्यांदाच शर्यत बघायला आली होती. ती म्हणाली, "आता तरी बस जरा."

"बसायचंय गं, पण गुडघेच वाकत नाहीत!"

आम्ही दोघींनी धरून तिला खुर्चीत बसवलं. बसल्याबसल्या तिनं दोन्ही हात उंच केले. आणि तिच्या शेजारी आईनंही.