सोलरच्या आड आलेला कडुनिंब

मंडळी, आज दुपारी आमचं हुडकेश्वरचं घर बघायला एक गिऱ्हाईक आलं. पश्चिमेच्या भिंतीलगत बायकोनं लावलेला कडुनिंब आहे. त्याच्या सावलीमुळे आमचे सगळे उन्हाळे एका कूलरवर निघाले.

"काका, हे झाड तोडा लागन. गच्चीवर सोलर बसवतो ना, सावली येऊन राहिली," तो म्हणाला.

"मग घर तापन ना गा?"

"तापू द्या! फाइव्ह स्टार एसी लावतो. सोलरवर बिजली फुकटच!"

युक्तिवाद निर्दोष होता. मी स्थितप्रज्ञासारखा "बरं" म्हणालो. सौदा ठरला.

बायको गेल्यापासून मला कशाचं काही वाटतच नाही, त्यामुळे वाईटही वाटलं नाही.

तो गेल्यावर मात्र मी त्या वीस वर्षांच्या झाडाला बादलीभर पाणी घातलं. का घातलं, कुणी सांगाल?