उद्या येतीन, माह्याच खात्यात

"कोनाच्या नावावर हाये?" असं विचारताना ती टेबलावर थाडकन हात मारायची. गॅसची पावती असो की शाळेचा दाखला, आधी नाव बघायची. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

भिलाईत ती आमच्या शेजारी राहायची. तिचा नवरा हथखोजच्या एका कारखान्यात बॉयलर फुटून गेला; प्रेत मनगटावरच्या घड्याळावरून ओळखावं लागलं. भरपाईच्या पैशांतून तिनं शेअर घ्यायचं ठरवलं. मी कारकून, मोबाइलवर थोडे शेअर घेणारा, म्हणून माझ्याकडे आली.

पहिली खरेदी झाली त्याच दुपारी माझ्यावर ओरडली, "भाऊ, पैसे गेले, शेअर कुठी हायेत?"

"आज सौदा झाला, ताई. उद्या तुमच्या डीमॅट खात्यात येतील."

"अन् हा अ‍ॅपवाला पळून गेला तं?"

"तो नुसता दलाल. शेअर त्याच्याजवळ नसतात. तुमच्या नावानं वेगळे जमा असतात."

दुसऱ्या दिवशी जमा झाल्याचा मेसेज तिनं मला तीनदा वाचायला लावला. मग लाजून म्हणाली, "म्हंजे मी मालकीन."

दिराला हे कळलं. "भावाच्या जिवाचा पैसा हाये, मले दे," म्हणत तो यायचा. दारू प्यायचा नाही, म्हणून त्याची जास्तच भीती वाटायची.

एका सकाळी, तिची मुलगी शाळेत गेल्यावर, पलीकडे भांडी आदळली. मी धावलो. दाराला आतून कडी होती. खिडकीतून दिसलं, त्यानं तिचं डोकं भिंतीवर आपटलं, तिचं बोट दाबून मोबाइल उघडला, आलेला ओटीपी टाकला आणि सगळे शेअर विकले. मी किती वेळ नुसता पाहत उभा होतो, ते मला आजही सांगता येत नाही.

"पैसे कुठी हायेत?" तो गरजला.

तिच्या तोंडातून रक्त गळत होतं. "उद्या येतीन. अन् माह्याच खात्यात येतीन. तुह्या नाही."

त्यानं तिचा उजवा हात पिरगाळला. हाड मोडल्याचा आवाज बाहेर आला. तेव्हा कुठे मी दाराला खांद्यानं धडका दिल्या. कडी तुटेपर्यंत तिनं डाव्या हातानं लोखंडी तवा त्याच्या तोंडावर हाणला होता. तो दात थुंकत बसला होता, आणि तिनं तवा परत उगारला होता.

"ताई, पोरीसाठी थांबा!" मी तिचं मनगट धरलं. तिनं तवा खाली टाकला.

दुसऱ्या दिवशी ती दुर्गच्या दवाखान्यात प्लास्टर घालून पडली होती. विक्रीचे पैसे तिच्या खात्यावर दिसले.

"तेच शेअर परत घ्या," म्हणाली.

"भाव चढला, ताई. कमी येतील."

"येऊ द्या कमी."

दीर तुरुंगात गेला. तिचा हात मात्र वाकडाच राहिला. पुढं ती मुलीला घेऊन कायमची नागपूरला निघाली. दुर्ग स्टेशनवर सामान चढवून मी खिडकीशी आलो.

"भाऊ, तुमी लय केलं आमच्यासाठी," ती म्हणाली. मग अजिबात राग नसलेल्या आवाजात पुढं म्हणाली, "पन त्या दिवशी दार जरा लवकर तोडलं पाह्यजे होतं."

गाडी हलली. मुलगी हात हलवत होती. मला हात वर करता आला नाही.