ठिपक्याची वाट

भाचीच्या प्रयोगशाळेत मेणाने चिकटवलेला चतुर किडा पाहिला. समोरच्या पडद्यावर काळा ठिपका सरकला, की त्याच्या डोळ्यामागची, बारीक तार टोचलेली एक पेशी स्पीकरमधून कडकडायची. ठिपका त्याच वाटेने जात राहिला, तशी कडकड विरत गेली.

"मेला का गं?"

"नाही मावशी, सवय झाली त्याला." तिने ठिपक्याची वाट जराशी बदलली. स्पीकर पुन्हा कडाडला.

रोजच्या वाटेने जाणारं माणूसही असंच पुसलं जात असेल?

संध्याकाळी नवऱ्यासमोर चहा ठेवला. त्याची मान वर झाली नाही. मग मी मागच्या दाराने बाहेर पडले आणि बागेकडच्या, एरवी बंद असणाऱ्या दारातून आत आले.

तो दचकून उभा राहिला. "कोण आहे?"

दिवा चालू होता. तो माझ्याकडेच बघत होता.